जस्त धूर होऊन उडतं, ते पकडायचं कसं? अभिक्रियाशीलता श्रेणी, भट्ट्या आणि जावर

जस्तकर (धागालेखक)

पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, तांबं, पारा, चांदी, सोनं. दहावीत धातूंची ही अभिक्रियाशीलता श्रेणी सगळ्यांनीच घोकलेली असते. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात ठेवली की निळा रंग फिका होतो आणि पट्टीवर तांबं चढतं, हेही बहुतेकांच्या लक्षात असतं. परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जातं आणि श्रेणीही जाते.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य गॅल्व्हनायझिंगमध्ये, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या कामात, वितळलेल्या जस्ताच्या टाकीशेजारी गेलं. त्यामुळे ही यादी मी वेगळ्या नजरेने बघतो. धातू ऑक्सिजनला किती घट्ट धरून बसतो, हे ती सांगते. धातू दगडातून सोडवायचा तर ही पकड सोडवावी लागते, आणि त्याची किंमत इंधनात किंवा विजेत मोजावी लागते. सोनं कुणाला धरतच नाही, म्हणून ते नदीच्या वाळूत मोकळं सापडतं. तांबं, शिसं, कथिल, लोखंड यांचा ऑक्सिजन लाकडी कोळसा तापवून काढून घेता येतो. ॲल्युमिनियम आणि त्याच्या वरचे धातू कोळशाला दाद देत नाहीत, त्यांना विद्युत अपघटन लागतं. सोडियम आणि पोटॅशियम हे धातू १८०७ पर्यंत कुणी पाहिलेच नव्हते. त्या वर्षी हम्फ्री डेव्हीने व्होल्टाच्या बॅटरीचा प्रवाह वितळलेल्या क्षारात सोडला, तेव्हा कुठे ते दिसले.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पण या हिशेबाने एक गोष्ट बसत नाही. जस्त श्रेणीत लोखंडाच्या जेमतेम एक पायरी वर आहे आणि कोळशाने त्याचंही क्षपण होतं, म्हणजे ऑक्सिजन निघतो. मग लोखंड अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी गावोगावच्या भट्ट्यांत निघत होतं आणि शुद्ध जस्त मात्र युरोपला अठराव्या शतकापर्यंत स्वतः काढता आलं नाही, असं का?

उत्तर श्रेणीत नाही, जस्ताच्या उत्कलनबिंदूत आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं. जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळसा ओढून घेऊ लागतो तो साधारण ९५० अंशांच्या पुढे. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. लोखंड भट्टीत घट्ट स्पंजासारखं राहतं, शिसं आणि कथिल वितळून तळाशी जमतं. जस्त मात्र धुराबरोबर वर जातं. वर थोडं थंड झालं की त्याच धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि हवा त्याला पुन्हा ऑक्साइड करून टाकतात. उघड्या भट्टीत जस्ताचं धातुक कितीही भाजा, हाती पांढरी भुकटी येते.

हे कोडं सोडवलं राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला जावर या गावी. भट्टीच उलटी करून. लोकांना रस असेल तर पुढच्या प्रतिसादात तपशील लिहितो.

---

शेंदूरदगड

लिहाच. जावरला गेलो आहे. जुन्या गावातल्या घरांच्या पडक्या भिंती विटांच्या नाहीत, वापरून टाकून दिलेल्या मुशींच्या, म्हणजे धातू काढायच्या मातीच्या भांड्यांच्या आहेत. एकीवर एक आडव्या रचलेल्या, गोल बुडं बाहेर. बाहेरून काचेसारखी झिलई आलेली, काही ठिकाणी हिरवट, काही ठिकाणी काळपट. एक मूस हातात घेतली तर वाटलं त्यापेक्षा जड निघाली, कारण आत जळलेला माल तसाच घट्ट बसलेला होता. आजूबाजूला टेकड्याच्या टेकड्या याच खापरांच्या आहेत.

---

जस्तकर

शेंदूरदगड, भिंतींचा तपशील नेमका दिलात. आता भट्टीकडे.

जावरचं धातुक मुख्यतः जस्ताचं सल्फाइड, डोलोमाइट खडकातलं. ते आधी हवेत भाजायचं. गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन जातं आणि ऑक्साइड उरतं. मग ते कोळशाबरोबर मातीच्या मुशीत भरायचं. मूस वांग्याच्या आकाराची, म्हणून रसशास्त्राच्या ग्रंथांत तिचं नाव वृंताक मूषा. तिच्या तोंडाला मातीचीच लांब नळी जोडायची. भरताना मालात मधोमध एक काडी खोचून ठेवायची. मूस उलटी केल्यावर माल खाली घसरू नये म्हणून ती काडी. ती जळून गेली की वाफ बाहेर यायला वाट तयार.

भट्टीचे दोन मजले. मधे भोकं पाडलेल्या जाड मातीच्या फरशा. मुशी वरच्या मजल्यावर उलट्या उभ्या करायच्या आणि नळ्या फरशीतून खाली सोडायच्या. एका भट्टीत सहा बाय सहा अशा ३६ मुशी. जाळ वरच्या मजल्यावर, मुशींच्या भोवती. खालचा मजला गार. आत तयार झालेल्या जस्ताच्या वाफेला वर वाटच नाही, ती नळीतून खाली येते, थंड होते आणि थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडते. सोबत कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्यामुळे नळीत हवा शिरत नाही आणि जस्त पुन्हा जळत नाही.

यातला नाजूक भाग थंड करण्याचा आहे. ९०७ अंशांखाली वाफेचा पातळ धातू होतो, ४२० च्या आसपास तो गोठतो. नळी फार गार असली तर वाफ एकदम भुकटी होऊन बसते आणि नळी बुजते. फार गरम असली तर वाफ तशीच निघून जाते. तापमापक नसताना हे जमवणं म्हणजे केवढी जाण हवी!

आणि जाण होती, याचा लेखी पुरावा आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या ग्रंथात जस्त काढण्याची कृती दिली आहे, तिच्यात सांगितलंय की ज्वाला निळ्याची पांढरी झाली की धातू येऊ लागला असं समजावं. निळी ज्वाला कार्बन मोनॉक्साइडची, पांढरी जळणाऱ्या जस्ताच्या वाफेची. आज प्रयोगशाळेतही हेच दिसेल.

१९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे उत्खनन केलं, तेव्हा एका ओळीत सात भट्ट्या सापडल्या, आतल्या मुशींसकट. चौदाव्या-पंधराव्या शतकात तिथे जस्त काढणं ही घरगुती कला राहिलेली नव्हती, कारखाना होता. १९८८ मध्ये एएसएम इंटरनॅशनलने (पूर्वीची अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्स) जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. इतकं सगळं असून आपल्या मुलांना जावर हे नाव माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

नंदादीप७

खूप छान माहिती. पण एक शंका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेच्या मूर्ती, समया जावरच्या कितीतरी आधीच्या आहेत. शुद्ध जस्त मिळतच नव्हतं तर पितळ कुठून आलं?

---

जस्तकर

नंदादीपताई, तांब्याचे तुकडे, जस्ताचं धातुक आणि कोळसा एकत्र करून बंद मुशीत तापवायचं. जस्ताची वाफ निघते, पण बाहेर जायच्या आत ती तांब्यात मुरते. त्या लोकांच्या हातात जस्त कधी आलंच नाही, तरी पितळ झालं. रोमन लोकही असंच करत. मर्यादा एवढीच की या रीतीने पितळात जस्त साधारण २८ टक्क्यांपर्यंतच मुरतं. त्याहून जास्त जस्ताचं जुनं पितळ सापडलं, तर ते धातुरूप जस्त मिसळून केलेलं, असा अंदाज बांधता येतो.

---

मांजराकाठ

आमच्या उदगीरपासून बिदर जवळ, म्हणून बिदरी कामाबद्दल लिहितो. त्या भांड्यांचा गाभा जवळजवळ सगळा जस्ताचाच, तांबं अगदी थोडं. त्यावर कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्याचा लेप गरम भांड्याला लावतात. बघता बघता गाभा काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. धुतल्यावर नक्षी उठून दिसते. कारागिरांना मातीची पारख जिभेवर ठेवून करताना पाहिलंय.

तुमच्या श्रेणीत जस्त आणि चांदी किती लांब आहेत, ते त्या एका सुरईवर दिसतं. शाळेत मोरचुदाच्या प्रयोगाबरोबर एखादी बिदरी डबी दाखवायला काय हरकत आहे?

---

कॅलोमेल

धागा उत्तम, पण एक मुद्दा स्पष्ट व्हायला हवा. ‘कोळशाने निघणारे’ आणि ‘विजेनेच निघणारे’ अशी पक्की भिंत नाही. तापमान वाढवत नेलं तर कार्बनची ऑक्सिजन ओढायची ताकद वाढत जाते. तत्त्वतः ॲल्युमिनाचंही, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचंही, क्षपण कार्बन करू शकतो, पण त्याला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे ॲल्युमिनियम सुटं न राहता त्याचं कार्बाइड होऊ लागतं. म्हणून तो मार्ग परवडत नाही. पाठ्यपुस्तकातली श्रेणी मुख्यतः पाणी, आम्ल आणि क्षारांच्या द्रावणातल्या वागणुकीवरून लावलेली आहे. भट्टीत तिचा आधार घेताना तापमान विसरून चालत नाही.

दुसरं असं की जस्त आता जगात बहुतांश भट्टीतून येतच नाही. भाजलेलं धातुक सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात, द्रावण शुद्ध करतात आणि त्यातून प्रवाह सोडतात. आता श्रेणी पाहा. जस्त हायड्रोजनच्या वर आहे, मग द्रावणातून आधी हायड्रोजन निघायला हवा, जस्त नाही. तरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर जस्त जमतं, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा वायू सुटायला जास्तीचा विद्युतदाब लागतो. त्या द्रावणात कोबाल्ट किंवा अँटिमनी किंचितही राहिलं, तर ही सवलत संपते, हायड्रोजन सुटू लागतो आणि जमलेलं जस्त परत विरघळतं. म्हणून आधी जस्ताचीच भुकटी टाकून या अशुद्धी खाली पाडतात. श्रेणीतल्या खालच्या धातूंना वरचा धातू द्रावणातून हुसकावतो, तोच शाळेचा प्रयोग, टनांच्या मापात.

---

जस्तकर

कॅलोमेल, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो भिंतीबद्दलचा भाग मुलांना सांगायलाच हवा. भट्टीतून जस्त काढायची एक आधुनिक रीतही आहे, चित्तोडगढजवळ चंदेरियाला ती वापरली गेली. तिथे झोतभट्टीच्या धुरातली जस्ताची वाफ वितळलेल्या शिशाच्या फवाऱ्यातून नेतात. शिशाचे थेंब वाफेला झटक्यात थंड करून आपल्यात विरघळवून घेतात, तिला परत ऑक्साइड व्हायला वेळच मिळत नाही. शिसं नंतर निववलं की जस्त वर तरंगतं. जावरच्या कारागिरांपुढे जो प्रश्न होता, अगदी तोच प्रश्न.

---

रूळजोड

ॲल्युमिनियमचा विषय निघालाय म्हणून. मी रेल्वेत पी-वे, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात होतो. दोन रूळ जोडायला आम्ही जे एटी वेल्डिंग करतो, ते म्हणजे दहावीच्या पुस्तकातली थर्मिट अभिक्रिया.

दोन रुळांत साधारण इंचभर फट ठेवायची, भोवती वाळूचा साचा बसवायचा, फटी लेपाने बुजवायच्या. बर्नरने रुळांची टोकं लालभडक करायची. वरच्या क्रुसिबलमध्ये लोखंडाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण. ते पेटवलं की वीस-पंचवीस सेकंदांत काम संपतं. ॲल्युमिनियम लोखंडाचा ऑक्सिजन हिसकावतं आणि त्यात इतकी उष्णता निघते की पोलाद पाण्यासारखं होतं. ते जड म्हणून खाली जातं, ॲल्युमिनाची मळी वर तरंगते. क्रुसिबलच्या तळाचं बूच सुटलं की पोलाद साच्यात उतरतं. डोळ्याला काळी काच लावल्याशिवाय तिकडे बघवत नाही.

मिश्रण किंवा साचा दमट असला तर धातू उसळतो, माणसं भाजतात. पावसाळ्यात पाकीट हातात घेऊन आधी कोरडेपणा तपासायचा, हे मी नव्या पोरांना रोज सांगायचो. ॲल्युमिनियम श्रेणीत वर आहे म्हणजे नक्की काय, ते त्या वीस सेकंदांत कळतं. वीज नाही, भट्टी नाही, आडरानात पोलाद तयार.

---

दहावीची_आई

रूळजोडकाका, मुलीला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिचा प्रश्न: ॲल्युमिनियम एवढं अभिक्रियाशील आहे तर आमच्या स्वयंपाकघरातला कुकर का टिकतो?

---

जस्तकर

मुलीला सांगा, प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो धातूला गच्च चिकटून असतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. ओरखडा पडला तर क्षणात नवा थर. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पापुद्रे सुटून पडतात आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं. कुकरमध्ये चिंच, टोमॅटो किंवा सोडा घालून बराच वेळ उकळलं की तो कुठे काळपट तर कुठे लख्ख होतो. तिथे आम्लाने किंवा अल्कलीने हा थर खाल्लेला असतो. पारा लागला तर थर बसूच शकत नाही आणि ॲल्युमिनियम पोखरत जातं. म्हणून विमानात पाऱ्याची उपकरणं नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

---

कॅलोमेल

त्या कुकरमागची वीजही मुलीला सांगा. एक किलो ॲल्युमिनियम काढायला १३ ते १५ युनिट वीज लागते, साध्या फ्रिजला दोन आठवडे पुरेल इतकी. ॲल्युमिना वितळतं २०७२ अंशांना, पण ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवलं तर ९५०-९६० अंशांत भागतं. हा शोध १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांना न ओळखता लावला. दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघांचा मृत्यू १९१४ चा, हा योगायोग मला नेहमी थक्क करतो. त्याआधी सोडियम वापरून ॲल्युमिनियम काढत, म्हणून ते फार महाग. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा कळस बसवला, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या बरोबरीचा होता.

आणि वीज स्वस्त तिथे कारखाना. ओडिशात नाल्को या सरकारी कंपनीचा बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं धातुक) कोरापुटच्या डोंगरातला, दामनजोडीला त्याचा ॲल्युमिना होतो, पण धातू निघतो पार अंगुलला, कारण तालचेरचा कोळसा आणि वीजघर तिकडे. भंगार ॲल्युमिनियम वितळवायला मात्र या विजेच्या साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते. तेव्हा जुनी भांडी मोडीत घाला, कचऱ्यात टाकू नका.

---

सातपुडा_वाट

सगळं वाचलं. अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण जावरच्या त्या टेकड्या पाहताना मला आधी जंगल आठवतं. ३६ मुशींची भट्टी तासन्‌तास हजार अंशांच्या वर ठेवायची तर लाकूड किती लागलं असेल? अरवलीचे डोंगर कुणी तोडले, कोळसा कुणी पाडला, धातुक डोक्यावरून कुणी वाहिलं? बॉक्साइटचंही तेच. एक टन ॲल्युमिनियमला चार टनांच्या आसपास बॉक्साइट लागतो आणि त्याचा लाल चिखल तिथेच साठतो. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरासाठी तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींना बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध लढावं लागलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार भरलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. श्रेणीत वरचा धातू म्हणजे काढायला जास्त किंमत, हे जस्तकर म्हणाले. ती किंमत एकट्या इंधनाची नसते.

---

जस्तकर

पूर्ण सहमत. आणि माझ्या मूळ मुद्द्याचा हा भाग मीच लिहायला हवा होता असं वाटतं इतका तो त्यात बसतो. जावरच्या भट्टीत जाळ लागायचा दोनदा, आधी धातुक भाजायला आणि मग मुशी तापवायला. ज्यांनी ज्वालेचा रंग ओळखला त्यांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

---

शेंदूरदगड

ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्ताचं पेटंट घेतलं, त्याच्याही भट्टीत वाफ खाली नळीने उतरवत. त्याने ही कल्पना इथूनच नेली असं बऱ्याच ठिकाणी ठासून लिहिलेलं असतं. जस्तकर, तुमचं मत?

---

जस्तकर

साम्य मोठं आहे, आणि त्या काळी भारत-चीनमधलं जस्त जहाजांनी युरोपात जात होतं, हेही खरं. पण कल्पना इथून गेल्याचा कागद अजून कुणी समोर ठेवलेला नाही. जावर त्याच्या कितीतरी आधीचं आहे, एवढं उत्खननाने सिद्ध केलंय. तेवढंच ठामपणे सांगावं. पुराव्यापलीकडचं सांगायला गेलं की खरी गोष्टही लोक मानेनासे होतात.

---

ठिणगी

फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हणून एक कळकळीची सूचना. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइप किंवा पत्र्यावर वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो आणि कापसासारखं काहीतरी उडतं, ते जस्ताचं ऑक्साइड. आर्कची उष्णता ९०७ अंशांच्या कितीतरी वर, त्यामुळे जस्त उकळून हवेत जळतं. बंद खोलीत दिवसभर हे केलं की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोड-धातूसारखी चव येते. पूर्वी जिथे कामाला होतो तिथे पोरांना वर दूध पाजायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. दुधाने काही होत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, दारं उघडी ठेवा, धूर ओढणारा पंखा लावा, धातूच्या धुरासाठीचा मास्क वापरा. ताप उतरला नाही किंवा दम लागला तर डॉक्टर गाठा.

---

जस्तकर

ठिणगी, हा प्रतिसाद प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा असा आहे. आमच्या टाकीत जस्त ४५० अंशांवर असतं, उकळण्यापासून खूप लांब, म्हणून तिथे हा धूर होत नाही.

---

देवगडकर

कोकणातल्या घरावर पत्रा घालायचाय, समुद्र जवळ. जस्त लोखंडापेक्षा जास्त अभिक्रियाशील, मग ते लोखंडाला वाचवतं कसं? आणि कोणता पत्रा घेऊ?

---

जस्तकर

जास्त अभिक्रियाशील आहे म्हणूनच वाचवतं. ओलसर खारट हवेत दोन्ही धातू एकमेकांना लागून असले की वरचा आधी झिजतो आणि तो झिजेपर्यंत खालचा सुरक्षित राहतो. त्यामुळे जस्ताचा थर ओरखडला तरी त्या रेघेत लगेच गंज चढत नाही. कथिलाचं उलटं, ते लोखंडाच्या खाली आहे. कथिल चढवलेला डबा पोचून थर फुटला की तिथे लोखंडच झपाट्याने गंजतं.

पत्रा घेताना नुसती जाडी विचारू नका, जस्ताचा थर विचारा. तो दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. १२० चा थर कोकणात लवकर संपेल, २७५ चा मागा. ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त असलेल्या थराचे पत्रेही मिळतात, खाऱ्या हवेत ते सहसा जास्त टिकतात. मात्र त्यांना ओला सिमेंट-चुना लागू देऊ नका, आणि पत्र्यावर तांब्याच्या पाइपाचं पाणी पडू देऊ नका, तांबं खाली आहे, ते जस्त खाईल. स्क्रू मारून झाले की ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी मऊ झाडूने झाडून घ्या. दुसऱ्या दिवशी दव पडलं की तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर लाल ठिपके उठतात. कापलेल्या कडांना जस्ताचा रंग लावायला गवंड्याला सांगून ठेवा.